‘युद्धोत्तर रस्ते-पूल’ वर्ग, सातारा : मालकांनी जाऊ नये, स्टोअरकीपरला पाठवावं

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील. शनिवार-रविवारचा हा वर्ग चांगला आहे, पैसे वसूल होतात. फक्त ज्यांच्यासाठी त्याची जाहिरात केली आहे त्यांनी जाऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पत्रकात लिहिलं होतं, ‘युद्धानंतरची रस्ते, पूल आणि रेल्वेची उभारणी : पुरवठा व खर्चाचं नियोजन’ आणि खाली ठळक अक्षरांत ‘परदेशी कामांची संधी’. आमच्या मालकांनी (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) खालची ओळ तेवढी वाचली आणि स्वतःचे नि माझे पैसे भरून टाकले. शनिवारी चहानंतर ‘जरा साइटवर जाऊन येतो’ म्हणून अण्णा गेले ते रविवारी जेवणाच्या वेळेलाच उगवले.

मी त्यांच्या फर्मचं स्टोअर आणि बिलिंग सांभाळते. काटापावती, चलन, रॉयल्टीचा पास, डिझेलची नोंद, सळईचं वजन, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आमची कामं म्हणजे बांधकाम खात्याची आणि जिल्हा परिषदेची : मोऱ्या, लहान पूल, डांबरीकरण, घाटातल्या संरक्षक भिंती. युक्रेनचा पूल बांधायला आम्हाला कोणी बोलावणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी मी शेवटच्या मिनिटापर्यंत बसले, कारण सर जे बोलत होते ते आमच्या पाटण तालुक्यातल्या साइटवर 2021 च्या पावसानंतर आम्ही रोज भोगलेलं होतं. फरक एवढाच की तिकडं रस्त्याच्या कडेला सुरुंग असतात.

सोयींबद्दल थोडक्यात. फी माणशी 5,500 रुपये, जीएसटी वेगळा. हॉल पोवई नाक्याजवळ, पार्किंगची बोंब. पंखे चालू केले की सरांचा आवाज ऐकू येत नाही आणि बंद केले की बसवत नाही. जेवण लग्नातल्या पंगतीसारखं, पनीर आणि जिरा राईस. साताऱ्यात येऊन एक वेळ झुणका-भाकरी ठेवायला काय हरकत होती? पुस्तिका पूर्ण इंग्रजीत आणि तक्त्यांतले सगळे हिशोब डॉलरमध्ये. हॉलमध्ये बसलेले निम्मे लोक साइट सुपरवायझर आणि क्रशरवाले, त्यांनी ती पुस्तिका वारा घ्यायला वापरली.

शिकवणारे सर निवृत्त अभियंते आहेत, परदेशातल्या प्रकल्पांवर काम केलेले. पडद्याकडं बघून बोलतात तेव्हा कंटाळा आणतात, पडदा सोडून बोलायला लागले की ऐकत राहावंसं वाटतं. शनिवारची सकाळ बहुतेक पडद्यावरच गेली. जागतिक बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये युक्रेनच्या उभारणीला पुढच्या दहा वर्षांत 524 अब्ज डॉलर लागतील असा अंदाज दिला, त्यात एकट्या वाहतुकीचे जवळपास 78 अब्ज, वगैरे. आकडा ऐकून मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली. एवढ्या मोठ्या आकड्यांचं आम्ही काय करणार?

मग रुळांची गोष्ट निघाली आणि हॉल जागा झाला. युक्रेनच्या रेल्वेत दोन रुळांमधलं अंतर (गेज) 1,520 मिलिमीटर, शेजारच्या पोलंडमध्ये बहुतेक ठिकाणी 1,435. फरक 85 मिलिमीटरचा, पण तेवढ्यासाठी सरहद्दीवर एकतर डब्याखालची चाकं बदलायची नाहीतर सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा. युद्धाआधी बराच माल काळ्या समुद्रातल्या बंदरांतून जायचा. बंदरं अडकल्यावर सगळा भार या सरहद्दीवर आला. हे ऐकून मिरजेहून आलेले एक आजोबा उठले. रेल्वेत नोकरी झालेली. म्हणाले, ‘‘आमच्या मिरजेला तिन्ही गेज होते, ब्रॉड, मीटर आणि नॅरो. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकायला हमालांच्या टोळ्या असायच्या. पोतं जेवढ्या वेळा खांद्यावर जातं तेवढ्या वेळा फाटतं, हे लिहून घ्या.’’ सरांनी खरंच फळ्यावर लिहून घेतलं. हमाली, तूट आणि खोटी (गाडी अडकून पडल्यानं वाया जाणारा वेळ), हे तीन खर्च कोटेशनमध्ये कधी दिसत नाहीत, असं म्हणून त्यांनी पुढचा विषय काढला. तिथून वर्गाला रंग चढला.

झरंज-देलाराम रस्ता बऱ्याच जणांना माहीत नव्हता. अफगाणिस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला 218 किलोमीटरचा हा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधला, जानेवारी 2009 मध्ये अफगाण सरकारच्या हवाली केला. पाकिस्तानातून वाट नाही, म्हणून आपला माल समुद्राने इराणला आणि तिथून जमिनीवरून झरंजला. बरं, नुसतं अंतर लांबलं असतं तर भाडं वाढवून भागलं असतं. 2005 मध्ये आपल्या एका ड्रायव्हरला पळवून नेऊन ठार मारलं, नंतर कामावर आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलिसांचे) जवान उभे करावे लागले. पहारा आला की गाड्या एकेकट्या सुटत नाहीत, तांड्यानं सुटतात. तांडा सुटेपर्यंत भरलेली गाडी उभी. माल भरलेला डंपर उभा राहिला तर दिवसाला किती पैसे जातात हे कोरेगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या दादांनी तिथल्या तिथं सांगितलं, आणि गाडीच्या कर्जाचा हप्ता वेगळा, हेही सांगितलं. सर म्हणाले, युद्धाच्या मुलुखात खडीचा भाव खाणीवर ठरत नाही, ती साइटवर उतरते त्या क्षणी ठरतो. आमच्याकडं डीएसआरमध्ये (सरकारी दरसूचीत) ‘लीड’ देतात, म्हणजे माल वाहून आणायचे किलोमीटरवर पैसे. किलोमीटर मोजता येतात, थांबणं कोण मोजणार?

शनिवार दुपारचा सराव हा या वर्गाचा जीव आहे. नुसत्या त्याच्यासाठी फी भरायला माझी तयारी आहे. प्रत्येक टेबलाला एक नकाशा दिला. नदी, मधोमध तुटलेला पूल, अलीकडं गाव, खडीची खाण पलीकडं. सिमेंट दोन ठिकाणी : 380 किलोमीटरवरच्या बंदरात स्वस्त, 90 किलोमीटरवरच्या कारखान्यात महाग आणि तिथं वीज कधी असते कधी नसते. नदीकाठचे सुरुंग काढून जमीन ताब्यात मिळायची तारीख दिलेली, पण पेन्सिलीनं. हातात ठरावीक पैसे. दर फेरीला सर एक चिठ्ठी काढणार, त्यात नवीन संकट.

आमच्या टेबलावर कराडकडचे एक क्रशरवाले मामा, सांगलीच्या कॉलेजातली दोन पोरं, ते ट्रान्सपोर्टवाले दादा आणि मी. पोरांनी लगेच लॅपटॉप उघडून स्वस्त सिमेंटचा हिशोब मांडला. मामा म्हणाले, ‘‘बाळांनो, आधी पलीकडं जायचं कसं ते बघा. माझी खडी नदीपलीकडं आहे.’’

तात्पुरत्या पुलाचा पर्याय नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता. बेली पूल. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रजांचा शोध : दहा फूट लांबीची पोलादी चौकट, वजन अडीचशे किलोच्या थोडं वर, सहा माणसं उचलतात, खिळीनं एकाला एक जोडत जायचं. जास्त वजन पेलायचं असेल तर चौकटीशेजारी चौकट लावायची, नाहीतर वर चढवायची. सगळ्या चौकटी एका मापाच्या, त्यामुळे कुठल्याही कारखान्यातली कुठंही बसते. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. एकच वस्तू, एकच कोड, सुटे भाग अदलाबदल करता येणारे! आपल्या लष्कराने ऑगस्ट 2024 मध्ये वायनाडला चूरलमला इथं दरड कोसळल्यावर असाच 190 फुटी पूल उभा केला, 24 टनांपर्यंतची गाडी पेलणारा.

या 24 टनांवर आमच्या टेबलावर अर्धा तास गेला. दहाचाकी हायवा डंपर भरून 28 टन. रिकामी साधारण 12 धरली तर माल 16 टन. 24 च्या पुलावरून न्यायची म्हणजे माल 12 टनच. जो माल तीन खेपांत येतो त्याला चार खेपा, म्हणजे भाडं टनामागं एक-तृतीयांशाने वाढलं, आणि डिझेलही. खाणीवर खडीचा भाव एक पैशानंही हललेला नाही. पोरांच्या तक्त्यात हा खर्च धरायला रकानाच नव्हता. दादांनी त्यांना घालून दिला.

दुसऱ्या टेबलाने वाहवा मिळवली ती पहिल्या फेरीत, सगळं सिमेंट एकरकमी बंदरातून उचलून. तिसऱ्या फेरीला चिठ्ठी निघाली : सुरुंग काढायचं काम लांबलं, पाया खणायला जागा नाही. पुढच्या फेरीला आणखी लांबलं. तीन महिन्यांवर पडून राहिलेलं सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरायचं नसतं, हे त्या टेबलावरच्या एकालाही आठवलं नाही. सरांनी त्यांची निम्मी थप्पी बाद केली. मला त्यांची दया आली नाही. आमच्याकडंही दरवर्षी कुणीतरी ‘भाव वाढणार आहे’ म्हणून पावसाच्या तोंडावर पोती आणून टाकतं आणि मग दिवाळीला त्यातले गठ्ठे फोडत बसतं.

पहिला नंबर आणखी एका, सांगलीकरांच्या टेबलाचा आला. त्यांनी पैशाचा मोठा हिस्सा आधी तात्पुरत्या पुलात घातला, नदीच्या दोन्ही काठांना एकेक यार्ड केलं आणि सिमेंट महाग कारखान्यातूनच, पण पंधरवड्याला लागेल तेवढं घेतलं. कागदावर एकाच पुलाचे पैसे त्यांनी दोनदा भरले. कारण विचारल्यावर त्यांच्यातल्या एक ताई म्हणाल्या, ‘‘2019 ला आम्ही आयर्विन पुलावरचं पाणी उतरायची वाट बघत बसलेलो माणसं आहोत. दोन्ही बाजूंना साठा हवा, हे आम्हाला शिकवायला लागत नाही.’’ टाळ्या पडल्या.

पूल पडला की दोन रस्ते बंद होतात, वरचा आणि खालचा, हे मला या वर्गात नव्यानं कळलं. 1999 मध्ये नाटोच्या बॉम्बहल्ल्यांत सर्बियातल्या नोवी साद शहराचे डॅन्यूबवरचे पूल पडले. सांगाडे नदीत, त्यामुळं बोटी बंद. शहराची वाहतूक सांभाळायला तरंगता पूल टाकला तर तोही बोटींच्या आड. तिथला स्वातंत्र्य पूल 2005 मध्ये पुन्हा उघडला. नदीतून स्वस्तात जाणारा माल एवढा काळ अडखळत राहिला, त्याचा भुर्दंड वरच्या नि खालच्या देशांनीही सोसला. म्हणजे पडलेला पूल उचलणं हेसुद्धा पुरवठ्याचंच काम, आणि आपल्याकडं ते अंदाजपत्रकात ‘मलबा हटवणे’ अशा एका ओळीत मिटवतात.

मलब्यावरून क्रशरवाल्या मामांनी रविवारी सकाळी चांगला प्रश्न टाकला. इराकच्या मोसुलमध्ये युद्धानंतर सत्तर-ऐंशी लाख टन मलबा पडला होता, टायग्रिसवरचे शहरातले पाचही पूल मोडलेले. मामा म्हणाले, ‘‘मग खडी लांबून कशाला आणायची? तिथंच क्रशर लावा, फुकटचा दगड आहे.’’ सरांनी उत्तर हप्त्याहप्त्यानं दिलं. त्या दगडात न फुटलेले बॉम्ब असतात, तपासणी पथक आधी. लोकांच्या घरांचा मलबा, मालकी कुणाची ते ठरवा. सळई वेगळी करा, लाकूड-प्लास्टिक वेगळं करा. मग तो दळा. भरावाला आणि रस्त्याच्या खालच्या थराला चालतो, वरच्या थराला चालेलच असं नाही. मामा कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि जेवणापर्यंत बोलले नाहीत.

उत्तर श्रीलंकेतल्या रेल्वेचाही किस्सा याच तासाला आला. युद्ध मे 2009 मध्ये संपलं तेव्हा तिथं रूळ आणि स्लीपर जागेवर नव्हतेच, खंदकांना आणि बंकरना वापरले गेले होते. आपल्या इरकॉन या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने तो मार्ग भारताच्या कर्जातून उभा केला, ऑक्टोबर 2014 मध्ये जाफन्याला पुन्हा गाडी पोचली. सर म्हणाले, अशा कर्जात बहुतेक वेळा मालाचा मोठा वाटा कर्ज देणाऱ्या देशातूनच घ्यायची अट असते. म्हणजे शेजारी स्वस्त मिळत असलं तरी घेता येत नाही. खरेदी करणाऱ्यानं भाव विचारायच्या आधी कर्जाचा कागद वाचावा.

टंचाईनं डिझाइन बदलतं, हा भाग सरांनी रंगवून सांगितला. जर्मनीत कोलोनचा डॉइट्झ पूल फेब्रुवारी 1945 मध्ये कोसळला. तो झुलता होता. नवा बांधायला पोलाद कुठून आणणार? म्हणून 1948 मध्ये त्या जागी पोलादी पेटीसारख्या तुळईचा पूल आला, कमी पोलादात बसणारा. पुढं जगभर तसे पूल झाले. मला ऐकायला आवडलं, पण खरं सांगायचं तर आमच्या कामात डिझाइन वरून येतं आणि आम्ही ते बांधतो. अभियंत्यांच्या पोरांना उपयोगी.

आता तक्रार. भाववाढीचा विषय रविवारी शेवटच्या तासात उरकला. माझ्या मते तो अर्धा दिवस हवा होता. सरांनी फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या) नमुना करारातलं सूत्र फळ्यावर लिहिलं : बिलाचा एक भाग कायम, बाकी मजुरी, यंत्रं, साहित्य आपापल्या निर्देशांकानं वरखाली. भाववाढ मोजायला आधाराचा दिवस निविदा भरायच्या 28 दिवस आधीचा. जागतिक बँकेच्या नियमांत 18 महिन्यांवरच्या कामांना अशी तरतूद लागतेच. एवढं सांगून ते घड्याळ बघायला लागले. मी हात वर करून आमचंच उदाहरण दिलं. 2022 च्या एप्रिलमध्ये सळई टनाला 70,000 च्या पुढं गेली होती, कारण लढाई तिकडं युक्रेनमध्ये. मग 22 मे पासून केंद्राने पोलादाच्या निर्यातीवर 15 टक्के शुल्क लावलं आणि भाव खाली आला. ज्यांनी घाबरून एप्रिलमध्ये भरून ठेवली ते अडकले. एक कोटीच्या कामात सळईचा वाटा पाव धरा, भाव 40 टक्के चढला तर दहा लाख गेले, ठेकेदाराचा नफा तेवढाच असतो. आमच्या ‘स्टार रेट’च्या (करारात धरलेल्या मूळ भावाच्या) फरकात यातलं किती परत येतं आणि किती महिन्यांनी?

सर म्हणाले, तिकडं तर याहून वाईट. निर्देशांक प्रसिद्ध करणारं खातंच बंद पडलेलं असतं, किंवा पोलाद तुर्कस्तानातून येतं आणि निर्देशांक स्थानिक बाजाराचा, मग सूत्र बरोबर असूनही पैसे चुकतात. हे वाक्य मला सगळ्या वर्गात सर्वांत मोलाचं वाटलं. नेमकं तिथं त्यांनी थांबवलं, कारण ‘पुढच्या टप्प्याच्या’ वर्गाची माहिती द्यायची होती. तो 18,000 रुपयांचा. तेवढ्यासाठी कोट-टायमधला एक तरुण आला आणि पंचवीस मिनिटं बोलला. परदेशी काम कुणाला मिळालं का, याचं उत्तर त्यानं दिलं नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. गळतीबद्दल, म्हणजे माल आणि पैसा मधल्यामध्ये मुरतो त्याबद्दल, वर्गात जवळजवळ काहीच नव्हतं. युक्रेनमध्ये सरकारी खरेदी 2016 पासून प्रोझोरो नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून करणं बंधनकारक केलं, कुणी किती दर भरला ते कुणालाही बघता येतं. त्याला दोन मिनिटं. आणि पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर अमेरिकेच्या अफगाणिस्तानविषयक तपासनीस कार्यालयाचा 2016 चा अहवाल होता, त्याला तेवढीही नाहीत. रस्त्यांवर सुमारे 2.8 अब्ज डॉलर खर्च झाले आणि तपासलेल्या 21 पैकी 19 तुकड्यांवर रस्ता खराब सापडला. देखभालीला पैसा नाही, माणूस नाही, वर ओव्हरलोड गाड्या. मी विचारलं, तिकडं चलनावर सही कोण करतं आणि वजनकाटा कुणाचा असतो? सर हसले आणि म्हणाले, ‘‘ताई, हे चहाच्या वेळी बोलू.’’ चहाच्या वेळी ते फोनवर होते. सव्वीस टनांची पावती आणि बावीस टनांची गाडी, यावर न बोलता खर्चाचं नियोजन शिकवणं मला पटलं नाही. वर्गाहून फर्ममध्ये परतल्यावर मी आवक-नोंदवहीत ‘गाडी आली’ आणि ‘गाडी रिकामी झाली’ अशा दोन वेळांचे रकाने घातले आहेत. खोटीचा हिशोब आता महिन्याच्या शेवटी अण्णांपुढं ठेवते. ते सराव न करता उठून गेले, त्यांना पटायला वेळ लागतोय.

पुढची बॅच सांगलीत विश्रामबागला आहे म्हणतात. स्टोअर, खरेदी, ट्रान्सपोर्ट किंवा बिलिंग बघणाऱ्या माणसाला पाठवा, शक्यतो दोघांना, म्हणजे सरावात भांडायला सोबत होईल. शनिवारी सकाळी तासभर उशिरा गेलात तरी चालेल. नाव नोंदवताना फोनवर सांगा की रविवार दुपार सगळी भाववाढ आणि काट्यावरच्या गळतीला हवी. चार-पाच ठिकाणांहून मागणी गेली तर सर नाही म्हणणार नाहीत, माणूस ऐकणारा आहे. परदेशी कामाच्या आशेनं जाणाऱ्यांनी ते 5,500 डिझेलमध्ये घालावेत.

पाचपैकी साडेतीन. पुस्तिका मराठीत आणि हिशोब रुपयांत केला तर चार.